एका ताटाचा नैवेद्य

नातू वकिलांनी भेटीसाठी जत्रेचाच दिवस मागून घेतला, तेव्हाच जयसिंगनं ओळखलं होतं की हे काम सोपं नाही.

श्रीधर नातूंची कचेरी बुधवार पेठेत, रेडिओच्या दुकानांच्या डोक्यावर. खाली दिवसभर कुठला ना कुठला स्पीकर खरखरत असायचा आणि वर नातू शांतपणे दुसऱ्यांच्या जमिनींची कुळकथा वाचत बसायचे. बिल्डरनं त्यांनाच नेमलं होतं. जयसिंगच्या घरच्या माळाचं टायटल सर्टिफिकेट, म्हणजे मालकी स्वच्छ असल्याचा दाखला, त्यांच्या सहीनं निघाल्याशिवाय बिल्डर पुढचं पाऊल टाकणार नव्हता.

"कागद पाहिले," नातू म्हणाले होते. "सातबारा पाहिला, फेरफार पाहिले. आपले वडील गेनबा, चुलते भैरू, आणि मयत चुलते दत्तोबा यांची बायको तुळजाबाई. तिघांची नावं, जमीन सामाईक. वाटप कुठंच नाही. कागद फार स्वच्छ आहेत हो. इतके स्वच्छ की मला काळजी वाटते."

"आमच्या घरात एकी आहे, साहेब."

"असेल. प्रदर्शनात ठेवण्यासारखं कुटुंब आहे आपलं." नातूंनी चष्मा पुसला. "तोंडी वाटप झालं असेल तर आजच सांगा. झालं असेल तर तो माळ ज्याच्या वाट्याला आला त्याचा एकट्याचा. नसेल झालं, तर तिघांचा सारखा."

"नाही झालं."

"ठीक. आपल्या गावची जत्रा कधी असते?"

जयसिंगनं तारीख सांगितली. का विचारलं ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुमच्या भागात प्रत्येक चुलीचा नैवेद्य वेगळा जातो ना देवाला? मी जरा देवळापाशी उभा राहीन म्हणतो. मग घरी येऊन तिघांचे जबाब घेऊ. ताटं मोजायला काही वकिली लागत नाही."

जिना उतरेपर्यंत जयसिंगला सगळा धोका कळला होता. कारण त्यांच्या खुटवडांच्या घरातून भैरवनाथाला गेली कित्येक वर्षं तीन ताटं जात होती. आणि ती का जात होती हे साऱ्या गावाला माहीत होतं.

दत्तोबा गेला त्या वर्षी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, गेनबानं वाटणी केली होती. देवळात चार माणसं बसवून, बेलभंडार उचलून. विहिरीकडचं बागाईत गेनबाचं, ओढ्याकडची काळी भैरूची, आणि वरचा मुरमाड माळ धाकट्या भावाच्या विधवेचा. तिला मूलबाळ नाही, तिला कशाला हवी पिकाची जमीन, असा हिशेब. माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. चार माणसांनी मान डोलावली, तलाठ्याला कुणी कळवलं नाही, आणि त्या दिवसापासून चुली तीन झाल्या. तुळजाबाई माळावर पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. दोन म्हशी पाळल्या, कात्रजच्या डेअरीला दूध घालू लागली. तिनं कुणाकडे काही मागितलं नाही.

पुढं शहर वाढत आलं तशी गेनबा आणि भैरूनं आपापली जमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली. कागदावर तिघांची नावं, म्हणून दर विक्रीला तुळजाबाईचा अंगठा लागायचा. ती यायची, अंगठा उठवायची, चहा पिऊन जायची. त्यांच्या वाटणीचं त्यांनी विकलं, आपण का नाही म्हणावं, एवढंच तिचं म्हणणं. त्या पैशांत गेनबाचा दुमजली बंगला झाला, भैरूच्या दोन पोरींची लग्नं झाली, जयसिंगची जीप आली. आणि सगळं विकून खाऊन झाल्यावर गाव महापालिकेत गेलं, माळाला घासून बाह्यवळणाचा रस्ता गेला, आणि कुसळाच्या त्या माळावर सोन्याचा भाव चढला.

मग भावांना आठवलं की वाटप कागदावर कुठं आहे?

आठवलं कसलं, जयसिंगनंच आठवण करून दिली होती. हे त्याला स्वतःशी कबूल करायला आवडायचं नाही. पण रात्री झोप लागली नाही की काकीचंच तोंड समोर यायचं. जयसिंग दोन वर्षांचा असताना आईला टायफॉइड झाला, तेव्हा सहा महिने तो तुळजाकाकीच्या कुशीत झोपला होता.

जत्रेच्या आठवडाभर आधी तो माळावर गेला आणि म्हणाला, "काकी, औंदा नैवेद्य एकत्रच करायचा म्हणतायत आबा. घरी ये. सगळ्यांचा मिळून एकच."

तुळजाबाई म्हशीच्या धारेला बसली होती. तिचे हात थांबले.

"थोरलं दादा म्हणलं?"

"हो."

"सोताच्या तोंडानं?"

"हो गं."

तिनं पदरानं डोळे पुसले. धारेला हात लावलेले, ते न धुताच. जयसिंगनं मान वळवून रस्त्यावरचे ट्रक बघितले. आबा असं काहीच म्हणाले नव्हते. तो एवढंच म्हणाला होता की वकील ताटं मोजणार आहे, आणि आबांनी मान खाली घालून "बघ काय ते" म्हटलं होतं.

*

जयसिंगची आई सोजरबाई पहाटे उठून बघतात तर धाकटी जाऊ दारात उभी. डोक्यावर पितळी परात, परातीत गूळ, तुपाची बरणी, आणि एका फडक्यात गुंडाळलेलं स्वतःचं पोळपाट-लाटणं.

"अगं, घरात काय लाटणं न्हाई का तुळजे?"

"मला दुसऱ्यावर पोळी येत न्हाई, आक्का." ती हसली. इतकी हसरी सोजरबाईंनी तिला दत्तोबाच्या माघारी पाहिलीच नव्हती.

गॅस होता, पण नैवेद्याचं पुरण चुलीवर. मागच्या अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. तुळजाबाईनं पुरण शिजवलं, वाटलं, वेलदोडा कुटला. तिचं तोंड काही थांबत नव्हतं. माळावरच्या एकट्या चुलीवर दर जत्रेला ती पाच पोळ्या लाटायची, त्यातली एक देवाला, एक गाईला, आणि उरलेल्या तीन दोन दिवस पुरायच्या.

"पुरणाला घर भरलेलं लागतं, आक्का. एकटीचं पुरण घशाखाली उतरत न्हाई बघा. मी म्हनायची, आपण मरायच्या आत येकदा तरी या घरात बसून पोळ्या लाटाव्यात. देवानं ऐकलं."

सोजरबाईंचं बोट विस्तवातून लाकूड ओढताना भाजलं. त्यांनी ते तोंडात घातलं. बोलायचं टाळायला तेवढंच निमित्त.

त्या काही वाईट बाई नव्हत्या. वाटणीच्या वेळी त्यांनी नवऱ्याला म्हटलं होतं, तिला ओढ्याकडचं थोडं तरी द्या. गेनबा ओरडले, त्या गप्प बसल्या. नंतर विहिरीच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला विकून त्यांनी पाटल्या केल्या, आणि त्या पाटल्या आज हातात होत्या. आपण त्या वेळी गप्प बसलो त्याचे हे पैसे, असं त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं आणि पोळी लाटताना पाटल्यांचा आवाज त्यांनाच नको झाला.

"तुळजे," त्या शेवटी म्हणाल्या, "आज एक वकील येनारे. शहरातला."

"येऊ द्या की. पोळ्या ढीगभर हायेत."

"तो कायतरी इचारंल."

"काय इचारनार बिचारा? जेवला का इचारू आपण त्याला." तुळजाबाईनं तव्यावरची पोळी उलटली. पोळी टम्म फुगली होती. "बघा आक्का, कशी फुगलीय. घर येक झालं की पुरणाला बी कळतं."

सोजरबाईंनी तोंड उघडलं. जयसिंग मागच्या दारात येऊन उभा होता. त्यानं आईकडे नुसतं बघितलं. सोजरबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली. आयुष्यात दुसऱ्यांदा त्या याच बाईच्या बाबतीत गप्प बसल्या.

*

देवळासमोर गर्दी होती. ढोल, गुलाल, खेळण्यांची दुकानं. आणि नारळाच्या दुकानाशेजारी आपली बजाज स्कूटर लावून श्रीधर नातू उसाचा रस पीत उभे होते.

ताट तुळजाबाईच्या हातात होतं. हा मान तिला द्यायचं कुणी ठरवलं नव्हतं. तिनं ते उचललं आणि कुणाला काढून घेता आलं नाही. मागून गेनबा, भैरू, सोजरबाई आणि जयसिंग. गेनबा सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, फेटा. पायांत बळ होतं, पण आज पायरी चढताना त्यांनी जयसिंगचा खांदा धरला.

गाभाऱ्याच्या दारात गुरव ताटं घेत होता. त्यानं सवयीनं तीन पत्रावळींची जागा मोकळी केली.

"खुटवडांची बाकीची दोन ताटं?"

"येकच हाय," तुळजाबाई ठसक्यात म्हणाली. "औंदापासनं येकच."

"आँ? चुली येक झाल्या?" गुरवानं गेनबाकडे पाहिलं. "खरं का, गेनबा?"

मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. "बरं झालं की," कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणीतरी हळूच म्हणालं, "माळाला भाव आला नव्हं." आणि दोनतीन जण खुदकन हसले. भैरूनं टोपी काढली, परत घातली आणि खांबाच्या आड झाला.

गेनबांना पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. याच जागी उभं राहून त्यांनी बेलभंडार उचलला होता. विहिरीकडचं माझं, ओढ्याकडचं भैरूचं, माळ धाकटीचा. यात पालट करीन तर देव बघून घेईल. तो देव समोर शेंदूर लावून बसला होता. म्हातारपणी माणसाला देवाची भीती वाटते असं म्हणतात. गेनबांना देवाची भीती वाटत नव्हती. त्यांना त्या हसणाऱ्या माणसांची, आणि त्याहून जास्त, पुढं ताट धरून उभ्या असलेल्या भावजयीच्या ताठ पाठीची लाज वाटत होती.

"खरं हाय," ते म्हणाले. "येकच ताट."

नारळाच्या दुकानापाशी नातूंनी रसाचा पेला खाली ठेवला.

*

बंगल्याच्या पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. नातू खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले, मांडीवर फाइल घेतली.

"गेनबा, आपल्या तिघांत या जमिनीचं कधी वाटप झालं? कागदावर, तोंडी, कसंही?"

"न्हाई."

"भैरू?"

"न्हाई. म्हंजे आपलं, न्हाईच." भैरूनं घसा साफ केला. "दादा म्हणतायत ते बराबर."

"दादा काय म्हणतात ते मी लिहून घेतलं. आपलं विचारतो आहे."

"न्हाई झालं."

नातूंनी दोघांच्या सह्या घेतल्या. मग म्हणाले, "तुळजाबाईंना बोलवा."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हाताला पीठ, कपाळाला देवळातला गुलाल. गेनबा समोर असल्यामुळे पदर डोक्यावरून पार पुढं ओढलेला. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिनं कधी तोंड उघडं ठेवलं नव्हतं, की त्यांच्याशी थेट शब्द बोलली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून दोघांचं बोलणं कायम तिसऱ्याच्या तोंडून.

"बाई," नातू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला कोरडेपणा थोडा कमी झाला. "मी बिल्डरचा वकील आहे, आपला नव्हे. पण समजावून सांगितल्याशिवाय मी कुणाचा अंगठा घेत नाही. जमिनीचं वाटप होऊन माळ आपल्या वाट्याला आला असेल, तर तो सबंध आपला. विकायचा की नाही, हेही आपणच ठरवायचं. वाटप झालं नसेल, तर माळ तिघांचा. आपला फक्त तिसरा हिस्सा. आपल्या दोन्ही दिरांनी सांगितलंय की वाटप झालं नाही, सगळे एकत्र आहेत, चूल एक आहे. आता आपण सांगा."

स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. सोजरबाई आतच होत्या. पण कुणी ती उलटली नाही.

तुळजाबाईला कळायला किती वेळ लागला असेल? फार नाही. माणूस अडाणी असला तरी आपल्याला का बोलावलं हे त्याला कळतं. तिनं भैरूकडे पाहिलं, भैरू सतरंजीचा दोरा उसवत होता. जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगला वाटलं, काकीनं आता ओरडावं, शिव्या द्याव्यात, ताट भिरकावून द्यावं. त्याला शिव्या हव्या होत्या. निदान आपणही चार शब्द उलट बोललो असतो, आणि भांडणात सगळं निभावून गेलं असतं.

ती ओरडली नाही.

"जयसिंगा," ती हळू म्हणाली, "दादास्नी इचार. म्या काय सांगू?"

खोली ती केवढी. गेनबा हातभर अंतरावर बसलेले. त्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं. तरी रीत ती रीत. जयसिंगला बापाकडे वळून तोच प्रश्न स्वतःच्या तोंडानं विचारावा लागला.

"आबा, काकी विचारतीय, तिनं काय सांगायचं?"

आपण आजवर जे केलं ते सगळं मिळून या एका प्रश्नाएवढं जड नव्हतं, असं त्याला वाटलं.

गेनबा एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. "खरं ते सांग" एवढं म्हणायला काय लागतं? पण बाहेर जीप उभी होती, वरच्या मजल्याचं बांधकाम अर्धं राहिलं होतं, नातवाला इंजिनिअरिंगला घालायचं होतं. आणि देवळात गावासमोर एकच ताट म्हणून बसले होते. आता मागं फिरायचं तर तिथली लाज वेगळी आणि इथली वेगळी.

"तिला म्हणावं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिला वाटंल ते."

"काकी, आबा म्हणतायत, तुला वाटेल ते सांग."

तुळजाबाईनं मान हलवली. जणू तिला हेच उत्तर ठाऊक होतं.

"लिवा सायेब. वाटप झालं न्हाई. आमी येकत्र हाओत. चूल येक हाय."

नातूंनी लेखणी उचलली नाही. "बाई, पुन्हा एकदा विचार करा. मी पुन्हा विचारतो. वाटप झालं होतं?"

"न्हाई म्हणलं की."

अंगठा उठवून ती आत गेली. करपलेली पोळी तव्यावरून काढल्याचा आवाज आला. नातूंनी फाइल बांधली.

"साहेब, पानं वाढलीत," जयसिंग म्हणाला.

"नको. पुरण मला पचत नाही." नातू पायांत चपला सरकवत म्हणाले. "आठवड्यात सर्टिफिकेट मिळेल. कागद पहिल्यापासून स्वच्छच होते आपले."

त्या दिवशी ढीगभर पोळ्या उरल्या. तुळजाबाईनं सगळ्यांना आग्रह करून वाढलं, भैरूला चौथी घ्यायला लावली, आणि संध्याकाळी आपलं लाटणं धुऊन तिथंच शिंकाळ्यात ठेवून माळावर गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा ओट्यावर चहा घेत बसले होते. शेजारी जयसिंग पेपर घेऊन बसला होता, वाचत नव्हता. रस्त्यावरून दोन म्हशी आल्या. त्यांच्या मागं तुळजाबाई, डोक्यावर ट्रंक, काखेत पातेली बांधलेलं गाठोडं.

तिनं म्हशी फाटकाला बांधल्या. ट्रंक ओट्यावर ठेवली.

"काकी, हे काय?" जयसिंग उठला.

"काय म्हंजे? ऱ्हायला आले." ती धापा टाकत होती. "सायबाला सगळ्यांनी लिवून दिलंय न्हवं, घर येक, चूल येक? मग दुसरी कशाला ठिवू? काल रातच्यालाच मोडली म्या माझी चूल. दगडं टाकून दिली रस्त्याकडंला."

माळावरच्या खोल्या बिल्डर पाडणार, तेव्हा काकीचं काय करायचं याचा विचार जयसिंगनं केला होता. कुठंतरी एक खोली भाड्यानं घेऊन देऊ, असा. तो विचार किती हलका होता हे आता त्याच्या ध्यानात आलं. तिला परत जा म्हणायचं तर चूल एक नाही असं म्हणायचं, आणि ते म्हणायला आता कुणाचीच सोय उरली नव्हती. ही बाई रोज या घरात फिरणार. रोज तिच्या हातची भाकरी खायची. जन्मभर.

सोजरबाई दारात आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी गाठोडं उचललं आणि आत नेलं. त्यांचे डोळे वाहत होते.

तुळजाबाई त्यांच्या मागोमाग निघाली. ओट्यावरून जाताना तिनं पदर पुढं ओढला.

"तुळजा."

ती थांबली. जयसिंगनं चमकून बापाकडे पाहिलं. आबांनी काकीला नावानं हाक मारलेली त्यानं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

गेनबांनी हातातली बशी खाली ठेवली. "वाटप झालं व्हतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांनाच तो ओळखू आला नसता. "म्याच केलं व्हतं. माळ तुजा. सगळा तुजा."

तुळजाबाईनं पदर मागं सारला. तिनं थोरल्या दिराकडे सरळ बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं.

"मला काय सांगताय, दादा? म्या व्हतेच की तितं," ती म्हणाली. "इचारनारा काल आला व्हता. दोनदा इचारलं त्यानं."

आणि ती मागच्या अंगणात चूल पेटवायला गेली.